रिकाम्या सीटचा पट्टा

दस्तगीर नदाफच्या गॅरेजातून गाडी दुरुस्त होऊन जायची, पण गिऱ्हाईक थोडंफार बिघडूनच जायचं. कुणाच्या हॉर्नला बकरीचा आवाज लावून दे, कुणाच्या स्क्रीनवर "सावधान, मागे सासूबाई" असा लाल इशारा चमकव, असले त्याचे धंदे. पन्नाशी उलटली, दाढी पांढरी झाली, तरी हातातली खोड जाईना. गडहिंग्लजच्या त्या रस्त्यावर ऑटो इलेक्ट्रिशियन बरेच होते, पण लोक त्याच्याकडेच यायचे. गाडीतली वीज कुठं जाते हे त्याला वासावरून कळतं, असं म्हणायचे.

भर दुपारी महानंदा वहिनींचा फोन आला.

"भावजी, गाडी परत बसली."

"बसली तर उठवा की. चहा पाजा, बिस्किटं द्या."

"गप बसा. सेल्फ मारला की नुसतं टक् टक् करतंय."

दस्तगीरचं हसू जरा आखडलं. कारण ही पिकअप त्याच्याकडं दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा तिनं त्याला उल्लू बनवलं होतं. पिकअप तशी नवीच. उसाच्या इथेनॉलवर पळणारं इंजिन, पुढं मोठा पडदा, बोलणारी बाई, सगळा थाट. पण बॉनेटच्या टोपणाखाली बघाल तर बॅटरी आणि अल्टरनेटर हे जुनंच जोडपं संसार करत होतं.

तो गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा, की बॅटरी म्हणजे माळ्यावरची टाकी आणि अल्टरनेटर म्हणजे ती भरणारी मोटर. इंजिन फिरलं की मोटर फिरते, टाकी भरते. सकाळी टाकी रिकामी सापडली तर एक तर टाकीच फुटकी, नाहीतर मोटर पाणी चढवत नाही, नाहीतर घरातलं कुणीतरी चोरून नळ सोडतंय. या पिकअपची टाकी ठणठणीत होती. मोटर पण जोरात होती. इंजिन चालू केलं की मीटरचा काटा चौदाच्या वर जाऊन झेंड्यासारखा ताठ उभा राहायचा. मोटर फिरवणारा पट्टा घट्ट, अर्थिंग स्वच्छ. आणि गॅरेजात गाडी कितीही दिवस उभी केली तरी बॅटरी उतरायची नाही. वहिनींच्या मळ्यात नेली की मेली.

म्हणजे नळ होता, आणि तो फक्त मळ्यातच सुटत होता.

असलं भानगडीचं काम कुणाचं असणार, हे दस्तगीरला पक्कं ठाऊक होतं. बसगोंडाचं. वहिनींचा नवरा, त्याचा शाळेपासूनचा जोडीदार, चेष्टेत त्याचा गुरू. अडचण एवढीच होती, की बसगोंडा पाडव्याच्या सुमारास वारला होता.

"जाताना काहीतरी करून ठेवलंय बेट्यानं," असं म्हणत दस्तगीरनं मोटरसायकलला किक मारली. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. मेलेल्या दोस्तानं आपल्यासाठी एक शेवटची खोडी मागं ठेवलीय, या विचारानं ओढ्यापर्यंत तो एकटाच हसत गेला.

पिकअप लिंबाखाली उभी होती. बाजूला उसाच्या सऱ्या. आणि लिंबाच्या पलीकडच्या अंगाला, गाडीच्या दारापासून चार पावलांवर, बसगोंडाची समाधी. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. बसगोंडालाही मांडी घालून बसवलं होतं, भस्म लावून, बेलाची पानं घालून. वर अजून नुसतीच मातीची वरंडी होती आणि एक घडीव दगड.

वहिनी उभ्याच होत्या. वजन उतरलेलं, पण नजर तीच, समोरच्याला तोलणारी.

"काय वहिनी, रात्री दिवा चालू ठेवून झोपताय काय गाडीत?"

"मी काय येडी हाय व्हय? बघा आधी."

त्यानं सोबत आणलेली बॅटरी जोडली. वहिनींनी सेल्फ मारला. इंजिन खाकरलं आणि चालू झालं. लगेच टिंग टिंग टिंग आणि आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "शेजारच्या प्रवाशाने कृपया पट्टा लावावा."

शेजारची सीट रिकामी होती.

वहिनींनी तिकडं न बघता हात लांबवला, रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन् लावला. डाळीला फोडणी देताना बाई झाकण सरकवते, इतक्या सवयीनं. आवाज थांबला.

"हे कवापासनं?"

"हे गेल्यापासनं. हितंच होतंय. ओढा वलांडला की गप."

"बश्या, लेका!" दस्तगीरनं मांडीवर थाप मारली. "काय डोकं लावलंय बघा!" आणि सीटखाली घुसला. त्याला खात्री होती की एखादी चोरटी वायर सापडणार, टेपनं चिकटवलेली डबी सापडणार, आणि त्यावर बसगोंडाच्या अक्षरात एखादी शिवी. गालिचा उचलला, दाराचं कातडं काढलं. वायर नाही, डबी नाही, शिवी नाही.

मग त्यानं इंजिन बंद करून बॅटरीच्या जाड वायरीभोवती क्लॅम्प मीटर अडकवलं. बंद गाडी झोपेत थोडी वीज पितेच, घड्याळाला आणि कुलपाला लागते तेवढी. इथं आकडा चढला, थोडा वेळ थांबला, खाली आला. परत चढला, थांबला, उतरला. दस्तगीरनं आयुष्यात हजार गळत्या पाहिल्या होत्या. शॉर्ट असला की वीज भसाभसा जाते, थांबत नाही. ही गळती वाट बघत होती. हाक मारायची, उत्तर आलं की द्यायची, परत गप.

तो एकेक फ्यूज उपटत गेला. दिव्याचा काढला, काही नाही. पडद्याचा काढला, काही नाही. शेजारच्या सीटचा काढला आणि आकडा शून्यावर आला. परत बसवला तर परत सुरू.

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि पडायला नको होता असं वाटलं.

बसगोंडाच्या छातीत पंप होता. दोन वर्षांपूर्वी हृदय निम्मं निकामी झालं, तेव्हा डॉक्टरांनी मुठीएवढी मोटर आत बसवली. ती रक्त ढकलायची. हल्ली अशी माणसं गावोगाव आहेत. पूर्वी त्यांच्या पोटातून वायर बाहेर यायची म्हणे, आता तसलं काही नाही. पंप बाहेरूनच, वायरीशिवाय चार्ज होतो. दोन एकतारी एकाच सुरात लावल्या आणि एक छेडली, तर दुसरी हात न लावता गुणगुणते. तसंच हे. पंपात तारेचं एक वेटोळं, बसगोंडा बसायचा त्या सीटमध्ये एक वेटोळं, दोन्ही एकाच सुरात बांधलेली. पंपाला भूक लागली की तो रेडिओवरून हळूच हाक मारतो. सीट ओळखते, की आपला माणूस आला. त्याचं नाव लिहून घेते, पट्टा लावायला सांगते आणि वीज देते. पहिली वेटोळी चिकटून बसावी लागायची. नवी चार पावलांवरूनही पाजतात, मध्ये गादी असो, भिंत असो.

किंवा माती.

सरणावर ठेवायच्या माणसाचा पंप दवाखानेवाले आधी काढून घेतात, कारण आगीत त्याची बॅटरी फुटते. तसा नियमच आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सरणच होतं. बसवून पुरणाऱ्यांचा विचार कुणाला सुचलाच नाही. आणि इथंही कुणाला सुचला नाही.

दस्तगीर मागं वळून समाधीकडं बघत राहिला. तोंडातली सुपारी तो चघळायचाच विसरला.

"घावलं न्हवं?" वहिनी म्हणाल्या. "मला म्हाईत हाय."

"तुम्हाला म्हाईत हाय? मग मला कशाला बोलावलं, वहिनी?"

"गाडी बसली की त्यांचं बी बसतंय. मी रोज येऊन इंजिन चालू ठेवते, पण पुरत न्हाई. अल्टरनेटर मोठा बसवून द्या."

दस्तगीरनं मीटर गुंडाळायला घेतलं.

"भावजी, एक विचारू? त्या दिशी तुम्ही होता तितं. खरं सांगा."

"विचारा."

"सकाळी मी चहा ठेवला, हाक मारली, हे उठलं न्हाईत. डॉक्टर आला. पोरगा नवीन होता, बदलीवर आलेला. त्यानं मनगट धरलं, छातीला नळी लावली आन् मान हलवली." वहिनींचा आवाज अगदी सपाट होता. "पर ह्यांना नाडी होतीच कुठं?"

ते खरंच होतं. तो पंप ठोके देत नसे, पंख्यासारखा एकसारखा फिरत असे. रक्त सरळ वाहायचं, मनगटाला काही लागायचं नाही. बसगोंडानं त्याचीसुद्धा चेष्टा करून ठेवली होती. लग्नाच्या पंगतीत कुणा अनोळखी पाहुण्याच्या हातात मनगट द्यायचं, "जरा बघा हो, घाबरल्यासारखं होतंय," म्हणायचं, आणि तो नाडी शोधायला लागला की डोळे पांढरे करून आडवं व्हायचं. मग दस्तगीरनं बोंब ठोकायची, "गेला रे गेला!" कितीजणांना त्यांनी रडवलं होतं. मातीच्या दिवशीसुद्धा, जंगम स्वामी मंत्र म्हणत होते, लोक माती लोटत होते, आणि दस्तगीर खड्ड्याच्या काठावर उभा राहून वाट बघत होता, की हा आता एक डोळा उघडतोय. आता उघडतोय.

"आपण जितं माणूस तर पुरलं न्हाई न्हवं?" वहिनींनी विचारलं.

ऊस हलला. वारा नव्हता, बहुतेक साप किंवा उंदीर असेल.

दस्तगीरनं पंपाच्या कंपनीला फोन लावला. पुण्यातली एक इंजिनिअर बाई बोलली, ऋचा नावाची. त्यानं सगळं सांगितल्यावर तिनं आधी नंबर तपासला.

"काका, हा नंबर माझ्याकडे आहे. मागे तुम्हीच फोन केला होतात ना, पंपातून रेडिओ लागतो म्हणून?"

"व्हय. तो आता जमिनीत हाय, ज्याच्या छातीत लागत होता."

मग ती नीट बोलली. घाईगडबड नाही, उगाच धीर नाही. पंप स्वतःतून गेलेल्या रक्ताची आठवण ठेवतो, ती म्हणाली. रक्त कधी वाहायचं थांबलं ते त्यात असतं, मिनिटासकट. पण ती वाचायची तर पंप पुरता चार्ज व्हायला हवा. तुमची गाडी बॅटरी उतरायला लागली की सीटची वीज तोडते, म्हणून तो अर्धपोटीच राहतोय. इंजिन सलग चालू ठेवा, बॅटरी उतरू देऊ नका. भरला की नोंद आपोआप गाडीच्या पडद्यावर येईल.

"आणि एक सांगते. वीज मिळाली की तो फिरायला लागेल. कदाचित आवाज येईल. ती फक्त मोटर आहे, काका. वहिनींना आधीच सांगून ठेवा."

स्पीकरवर वहिनी ऐकतच होत्या. "लावा इंजिन," म्हणाल्या, आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. शेजारचा पट्टा लावला. दस्तगीरनं आपला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या आतली गोष्ट वाचणारा हातातला डबा, खालच्या सॉकेटला जोडला आणि टोपणापाशी उभा राहिला. पडद्यावर बसगोंडाचं नाव आलं. नावापुढं एक छोटं हृदय, करडं, खालून हळूहळू हिरवं होणारं.

ऊन कलायला लागलं. हृदय गळ्यापर्यंत हिरवं झालं. आणि मीटरचा आकडा घसरायला लागला.

चौदा. मग तेरा. मग त्याच्याही खाली. जमिनीतून कुणीतरी जोरात ओढत होतं. अल्टरनेटर दमला का? दस्तगीरला घाम फुटला. आता गाडी वीज तोडणार, नोंद येणार नाही, आणि या बाईला जन्मभर कळणार नाही.

आणि इथं त्याच्या हातानं घात केला. जुन्या डिझेल गाड्यांच्या काळात अल्टरनेटर तपासायची एक रस्त्यावरची तऱ्हा होती. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपटायचं. इंजिन चालूच राहिलं तर अल्टरनेटर चांगला, बंद पडलं तर गेलेला. दस्तगीरनं पोरवयापासून हेच केलं होतं. नव्या गाड्यांत हे चालत नाही, हे तो स्वतःच दुसऱ्यांना ओरडून सांगायचा. बॅटरी नुसती टाकी नसते, ती गादी पण असते. अल्टरनेटरचा धक्का ती पोटात घेते. तीच काढली तर धक्का सगळा गाडीत घुसतो. पण घाबरलेला हात डोक्याला विचारत नाही. त्यानं टर्मिनल उपटलं.

इंजिन किंचाळलं. पडदा पांढराफट्ट झाला, मग काळा. "शेजारच्या प्रवाशाने," एवढंच बाई म्हणाली आणि तिचा आवाज लांबत लांबत बाप्यासारखा होऊन बंद पडला. जळक्या प्लास्टिकचा वास आला. इंजिन बंद.

त्या शांततेत दोघांनाही ऐकू आलं. जमीन घुमत होती. माशी बाटलीत अडकावी तसा बारीक, सलग आवाज. समाधीतून.

वहिनी दार उघडून खाली उतरल्या. पळाल्या नाहीत, किंचाळल्या नाहीत. मांडी घालून वरंडीपाशी बसल्या आणि माती पोटाशी धरावी तसे दोन्ही तळवे तिच्यावर टेकवले.

स्कॅनर वाजला. पंप भरला होता, आणि जाता जाता गाडीनं त्या डब्यात नोंद टाकली होती. दस्तगीरनं वाचली, परत वाचली. पहाटे, कोंबडं आरवायच्या वेळेला, पंपातून जाणारं रक्त थांबलं होतं. डॉक्टर आला तेव्हा अंगणात ऊन होतं. सगळं संपून बराच वेळ झाला होता. त्यानंतर सरळ रेघ, मातीच्या वेळेपर्यंत आणि मातीच्या नंतर.

तो डबा घेऊन वरंडीपाशी धावला. "वहिनी, झोपेतच गेला तो! तुम्ही चहा ठेवायच्या आधीच. आपण काही वाईट केलं न्हाई. बघा, बघा हे."

वहिनींनी डब्याकडं बघितलं नाही. त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"चांगलं बोलता तुम्ही, भावजी."

"अहो, खरं सांगतोय!"

"त्या डब्यावर मागं तुम्हीच आणलं होतं लिहून, 'चालक दारू प्यालेला आहे' म्हणून. ह्यांनी घाबरून कानाला खडा लावला होता."

"ती चेष्टा होती. ह्या बाईला विचारा." त्यानं नोंद पुण्याला पाठवली, परत फोन लावला. ऋचानं वाचली. "हो वहिनी, बरोबर आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पहाटेच गेले ते. त्रास झाला नसणार."

वहिनींनी मान डोलावली. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "काका म्हणती तुम्हाला. तुमचीच कुणीतरी असंल."

"वहिनी, माझ्या आईची शपथ."

"आईची शपथ घेऊनच ह्यांना सांगितलं होतं न्हवं, विहिरीत मगर आलीय म्हणून." त्या रागावलेल्या नव्हत्या. उलट त्याला गोंजारल्यासारखं बोलत होत्या, आणि त्यानंच त्याला जास्त भीती वाटली. "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही. कळतंय मला. तुम्ही माणूस चांगलं हाय."

दस्तगीरनं जळक्या पडद्याकडं बघितलं. तिथं त्याच अक्षरांत तीच वेळ उमटली असती, आणि वहिनींनी स्वतः वाचली असती. आता जगातला सगळा पुरावा त्याच्या तोंडातून जात होता, आणि त्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार?

"गाडी तर जळली," वहिनी म्हणाल्या. "आता ह्याला कोण वीज देणार?"

"कुणी न्हाई. आता भरलाय. एक-दोन दिवस चालंल, मग आपोआप थांबंल."

"थांबंल?"

"थांबंल."

वहिनींनी डोक्यावरचा पदर नीट केला. "मग मी हितंच बसते. तवा मी चुलीपाशी होते. कवा थांबलं, मला कुणी विचारलं न्हाई, मी बघितलं न्हाई. आता हात लावून बसते. थांबंल तवा माझं मला कळंल. कुणी सांगायला नको."

आणि बसल्या. दस्तगीरनं पोतं आणून अंथरलं, घरून जेवण आणलं, वर ताडपत्री बांधली. जेवण तसंच राहिलं. त्यांचे तळवे मातीवरून हलले नाहीत. मधे मधे तो आवाज खाली जायचा, उसाच्या पानांच्या सळसळीत बुडायचा, मग परत वर यायचा. दस्तगीर चार हात लांब बसून राहिला. एकही चेष्टा सुचली नाही. सुचली असती तरी केली नसती.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना वहिनींनी डोळे मिटले. बराच वेळ तशाच होत्या. मग एक हात उचलला, परत ठेवला. दगडावर कान टेकवला.

"थांबलं," त्या म्हणाल्या.

दस्तगीर जवळ सरकला.

"थांबलं, भावजी. आत्ताच. माझ्या हाताखालीच." डोळे सुजले होते, ओठ फुटले होते, पण चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं. "तुम्ही बी बघा."

त्यानं तळवा मातीवर ठेवला.

माती गार होती. आणि घुमत होती. बारीक, आत खोल, पण एकसारखी.

त्यानं वहिनींकडं बघितलं.

"थांबलं, वहिनी," तो म्हणाला.

त्यांनी एका झटक्यात विश्वास ठेवला. तोंडावर पदर घेतला आणि पाडव्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या, छाती रिकामी होईपर्यंत. मग उठून पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले आणि उसाच्या वाटेनं घराकडं चालू लागल्या. वळून बघितलं नाही.

दस्तगीर एकटाच राहिला, हात तसाच. आपलीच नाडी असेल, त्यानं मनाला सांगितलं. हाताला मुंग्या आल्यात. त्यानं दुसऱ्या हातानं आपलं मनगट धरलं. तिथं ठोके पडत होते, घाबरलेले, जलद.

तळव्याखाली ठोके नव्हते. तिथं सलग घुमत होतं, आणि आवाज हळूहळू वाढत होता.